सोयीच्या वचनांचे शास्त्र

पंडिता रमाबाईंनी ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावच्या मुक्तिसदनात देह ठेवला, आणि मूळ हिब्रू व ग्रीक भाषांचे अध्ययन करून त्यांनी सिद्ध केलेले बायबलाचे मराठी भाषांतर, ज्याच्या छपाईचे काम सदनातल्या स्त्रियांच्या हातून झाले, ते त्यांच्या पश्चात १९२४ साली प्रसिद्ध झाले. या घटनेला शतक उलटून गेले. एका विधवेने एवढा ग्रंथ मुळातून वाचण्याचा खटाटोप का करावा, याचे उत्तर तिच्या चरित्रात शोधू गेल्यास जे हाती लागते ते ख्रिस्ती मंडळींनी आणि आपण सर्वांनीच आज पुन्हा पाहण्यासारखे आहे.

कलकत्त्याच्या पंडितांनी पडदानशीन स्त्रियांपुढे धर्मशास्त्रावर व्याख्याने देण्यास सुचविले म्हणून रमाबाईंनी स्मृती-पुराणे बारकाईने पाहिली, तेव्हा त्यांना असे आढळले की एरवी प्रत्येक बाबतीत परस्परांशी भांडणारे हे ग्रंथ स्त्री आणि शूद्र यांच्या हीनत्वाविषयी मात्र एकमुखाने बोलतात. पुढे १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि चेल्टनहॅमच्या महिला विद्यालयात असताना पुरुष विद्यार्थ्यांना शिकविण्याची त्यांची तजवीज होऊ लागताच लाहोर व मुंबई येथील बिशपांनी त्यास हरकत घेतली. ज्या पित्याने सनातन्यांचा रोष पत्करून पत्नीला आणि मुलीला संस्कृत शिकविले, त्याच्या घरी जी गोष्ट निषिद्ध नव्हती ती इंग्रज धर्माधिकाऱ्यांना निषिद्ध वाटावी, याचे नवल त्यांनी आपल्या पत्रांतून स्पष्ट शब्दांत नोंदविले आहे. एका पुरोहितवर्गाचे जोखड झुगारल्यावर दुसऱ्याचे मानेवर घेण्यास त्यांची तयारी नव्हती. आमच्या वऱ्हाडातील, बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचा ‘स्त्री-पुरुष तुलना’ हा निबंध रमाबाईंच्या बाप्तिस्म्याच्या वर्षभरच आधी निघाला होता, आणि या दोघींची बाजू घेण्यास ‘सत्सार’ लिहिणाऱ्या महात्मा फुले यांच्याखेरीज फारसे कोणी पुढे आले नाही, हेही येथे स्मरणात असावे.

बिशपांच्या हरकतीमागे जे वचन उभे असते ते पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रातील, स्त्रीने पुरुषाला शिकवू नये अशा आशयाचे होय. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात मंडळीत स्त्रियांनी मौन पाळावे अशीही आज्ञा आहे. परंतु त्याच पत्राच्या अकराव्या अध्यायात स्त्रीने प्रार्थना करताना किंवा संदेश देताना मस्तक झाकावे असे सांगितले आहे, आणि जिने मौनच पाळायचे तिला संदेश देण्याचे नियम कशास हवेत, हा प्रश्न व्यासपीठावरून सहसा विचारला जात नाही. रोमकरांच्या पत्राच्या अखेरीस मंडळीची सेविका म्हणून फिबीची शिफारस आहे. ख्रिस्तामध्ये स्त्री-पुरुष हा भेद उरत नाही हे गलतीकरांना सांगणारा पौलच आहे. आणि पुनरुत्थानाची वार्ता शिष्यांना प्रथम सांगण्याचे काम योहानाच्या शुभवर्तमानात मग्दालीया मरीयेकडे येते. आमच्या मोर्शीच्या तहसील कचेरीत धुऱ्याचा वाद चालतो तेव्हा सातबाऱ्याचा सोयीचा रकाना उघडा ठेवून शेजारच्या रकान्यावर अंगठा ठेवणारा पक्षकार एखादवेळी भेटतो. तहसीलदार त्याला अंगठा उचलावयास सांगतो, धर्मपीठापुढे तसे सांगणारा कोणी नसतो.

समलिंगी व्यक्तींच्या बाबतीत हा प्रकार अधिकच उघडा पडतो. लेवीय पुस्तकाच्या अठराव्या अध्यायातील निषेध अक्षरशः आणि त्रिकाल बंधनकारक मानला जातो. पण पान उलटून एकोणिसाव्या अध्यायात यावे तो एका शेतात दोन प्रकारचे बी पेरू नये अशी आज्ञा सामोरी येते, आणि कपाशीत तुरीच्या ओळी घालणाऱ्या कोणा वऱ्हाडी शेतकऱ्याला त्यासाठी कोणी मंडळीबाहेर घातल्याचे आमच्या ऐकिवात नाही. व्याज घेण्याचा निषेध त्याच पुस्तकात आहे, आणि आमच्या मुलखात सावकारीने जो संहार केला तो पाहता त्यावर प्रवचने अधिक व्हावयास हरकत नव्हती. सदोमाचा नाश सर्वांना पाठ असतो. त्या नगरीचा अपराध गर्व, अन्नाची सुबत्ता आणि दरिद्री-दुर्बलांची उपेक्षा हा होता, असे यहेज्केल सोळाव्या अध्यायात सांगतो, ते मात्र कोणाला आठवत नाही. रोमकरांस पत्राचा पहिला अध्याय अडचणीचा आहे हे आम्ही नाकारीत नाही. तो आहे, कठोर आहे, आणि त्याचा अर्थ कोणत्या काळाच्या व कोणत्या आचाराच्या संदर्भात लावावा याविषयी श्रद्धावान विद्वानांतच मतभेद आहेत. पण ज्या विषयावर चारही शुभवर्तमानांत येशूचा एक शब्द नाही त्यावर सर्वाधिक गर्जना व्हावी, आणि ज्या घटस्फोटावर तो निःसंदिग्ध बोलला तेथे काळ, परिस्थिती व करुणा यांचा विचार सुचावा, यातील तर्क आम्हांस उमगत नाही. करुणा तेथे सुचते याचा आम्हांस आनंदच आहे; ती दुसऱ्या दारी का अडते एवढेच विचारावयाचे आहे.

परधर्माच्या ग्रंथात एका तालुक्याच्या गावच्या पत्राने नाक का खुपसावे, असे कोणी म्हणेल. त्यास उत्तर असे की या अर्थनिर्णयाचे ओझे ख्रिस्ती मंडळीपुरते कधीच राहिले नाही. आठव्या हेन्रीच्या १५३३ च्या कायद्यापासून चालत आलेली निषेधाची परंपरा १८६० च्या दंडविधानात कलम ३७७ होऊन उतरली, आणि १८५३ च्या तहाने निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आलेल्या या वऱ्हाडातही, ज्यांनी लेवीयाचे नाव ऐकले नव्हते अशांच्या डोक्यावर, ती टांगती राहिली. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये ते कलम सज्ञानांच्या संमतीच्या संबंधांपुरते दूर केले, तेव्हा त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयाकडे धाव घेणाऱ्यांत काही ख्रिस्ती संघटना होत्या, मुस्लिम पर्सनल लॉ बोर्ड होते आणि एक ज्योतिषीही होते. जे एरवी एका सतरंजीवर बसावयाचे नाहीत त्यांचे येथे एकमत झाले, आणि रमाबाईंचे कलकत्त्यातले निरीक्षण नव्या रूपाने खरे ठरले. ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने तो मामला मिटला.

स्त्रियांच्या बाबतीत तर विषमता कायद्याच्या कलमातच लिहिलेली होती. १८६९ च्या घटस्फोट कायद्याच्या दहाव्या कलमान्वये ख्रिस्ती पतीला पत्नीचा व्यभिचार एवढेच कारण पुरे होते, आणि पत्नीला पतीच्या व्यभिचाराबरोबर क्रौर्य, परित्याग किंवा असाच आणखी काही दोष शाबीत करावा लागे. मार्काच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात पती व पत्नी या दोघांना एकाच मापाने मोजले आहे. पण ख्रिस्ती विवाहाचे पावित्र्य राखण्यासाठी म्हणून चाललेल्या या कायद्याला ते माप मानवले नाही. इंग्लंडने हा व्यभिचाराविषयीचा भेद १९२३ मध्येच काढून टाकला. आमच्याकडे मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाला १९९७ मध्ये त्यावर घाव घालावा लागला, आणि संसदेने दुरुस्ती केली ती २००१ साली.

हिंदू वाचकाने हे वाचून समाधानाने मान डोलावू नये. मनूचे स्त्रीपूजेचे वचन शाळेच्या भिंतीवर रंगवून तिला स्वातंत्र्य नाकारणारे वचन घरी अमलात आणण्याची वहिवाट आपलीच आहे.

मंडळीत बदल झालाच नाही असेही नाही. १९७० साली नागपुरात स्थापन झालेल्या उत्तर भारत मंडळीने पुढे स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा देण्याचे मान्य केले, आणि दक्षिण भारत मंडळीने २०१३ मध्ये पुष्पा ललिता यांना बिशप केले. म्हणजे तीमथ्याच्या पत्रातील वचन त्या काळच्या परिस्थितीपुरते होते, असा निर्णय या मंडळ्यांनी विचारपूर्वक घेतला आहे. जी कसोटी त्या वचनाला लावली ती लेवीयाला व रोमकरांस पत्राला का लावावयाची नाही, याची कैफियत आता त्यांच्याकडून येणे बाकी आहे. धर्मपरिषदांनी ती लेखी द्यावी, बाधित सभासदांना समोर बसवून त्यांचे म्हणणे ऐकल्यावर द्यावी, आणि इतर नागरिकांच्या हक्कांविरुद्ध पुन्हा एखाद्या न्यायालयात प्रतिज्ञापत्र दाखल करण्यापूर्वी द्यावी.