स्मॉकिंग : नक्षी कीं शिवण ?

आमच्या शिवणवर्गाच्या प्रदर्शनांत स्मॉकिंग केलेले दहा-पांच फ्रॉक दरवर्षीं मांडलेले असतात, आणि पाहुण्यांची दृष्टि प्रथम त्यांजकडेच जाते. मागें एकदां अशाच एका बक्षीस मिळालेल्या फ्रॉकाची आम्हीं सहज परीक्षा पाहिली. छातीवरील गुलाबी व निळ्या दोऱ्यांचें काम इतकें रेखीव कीं नांव ठेवण्यास जागा नाहीं. परंतु ज्या मापानें तो शिवला होता त्याच मापाच्या मुलीला घालूं लागलों, तों तो खांद्याखालीं उतरेना! प्रत्येक टाका करकचून ओढलेला होता. दोष विद्यार्थिनीचा नव्हे. तिला नक्षी शिकविली गेली होती, स्मॉकिंग नव्हे. आणि शिकविणारे आम्हीच.

ह्या कामाचें मूळ इंग्लंडांतील मजुरांच्या अंगरख्यांत आहे. अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत तेथील गाडीवान, मेंढपाळ, नांगर हांकणारे इतर कपड्यांवरून ‘स्मॉक’ नांवाचा घोळदार अंगरखा घालीत. तो जाड लिननचा किंवा सुती कापडाचा असे. त्याचे तुकडे बहुतेक सरळ चौकोनी, म्हणून कापड फारसें वायां जात नसे. पण चौकोनी कापड माणसाच्या अंगाला बसावें कसें ? ह्या प्रश्नाचें उत्तर म्हणजे स्मॉकिंग. छाती, पाठ, बाहीचा वरचा भाग व मनगट येथें बारीक चुण्या घालून त्या टाक्यांनीं एकमेकींस बांधीत. हात उचलला कीं चुण्या उघडत, खालीं आणला कीं मिटत. इलॅस्टिक घरोघर होण्यापूर्वींची ही युक्ति. कित्येक अंगरखे पुढून-मागून सारखे असत; एक बाजू मळली कीं फिरवून दुसरी पुढें घेतां येई. पुढें शेतांत यंत्रें आलीं, तयार कपडे स्वस्त झाले, आणि मजुराच्या अंगावरून उतरलेली ही कला १८८० च्या सुमारास स्त्रियांच्या व लेंकरांच्या पोषाखांत शिरली.

तेव्हां जी गोष्ट कष्टकऱ्याच्या हाताला मोकळीक देण्यासाठीं निघाली, तिनेंच आपल्या मुलांचे हात बांधावे काय ? यापो येथील दुर्कस बाईनें विधवांसाठीं शिवलेलीं वस्त्रें अंगावर घालण्यासाठीं होतीं, हें निदान आमच्या शाळेनें तरी विसरूं नये.

आमचें म्हणणें असें कीं, रंगीत दोरा हातीं देण्यापूर्वीं मुलींकडून साध्या कापडावर चुण्याच घालून घ्याव्या. तयार रुंदीच्या सुमारें तिप्पट कापड घ्यावें, ठिपक्यांच्या समान ओळी आंखाव्या, ओळीओळीनें धांवदोरा घालून तो ओढावा. मग सुईनें चुणीचा केवळ माथा उचलीत टाके घालावे, आणि शेवटीं धांवदोरे काढून टाकावे. दांडीटाका व केबलटाका कापडास घट्ट धरतात, म्हणून ते गळ्यापाशीं. मधमाशीच्या पोळ्यासारखा टाका अधिक ताणतो, म्हणून तो छातीवर. हें ज्ञान नक्षीच्या वहींतून येत नाहीं. वेळ पुरत नाहीं, ही सबब आम्हीही सांगत आलों आहों. पण मनगटाएवढी पट्टी करावयास कितीसा वेळ लागतो? (आणि अंगरखे घालणारे पुरुष होते, तर हा तास मुलग्यांस कां नसावा, हेंही कोणी सांगावें.)

पुढील प्रदर्शनांत परीक्षकांनीं फ्रॉक टेबलावर पाहूं नयेत. मुलांच्या अंगावर घालून, त्यांस हात वर करावयास सांगून मग गुण द्यावे. मुलें शिशुवर्गांतून हवीं तितकीं मिळतील.