बारावीच्या मुलांना आषाढात एकटे सोडू नका : मालवण किनाऱ्यावरील पालक व ग्रामस्थांस जाहीर आवाहन



५ मे २०२५ रोजी बारावीचा निकाल जाहीर झाला. राज्याचा निकाल ९१.८८ टक्के असता कोकण विभागाचा ९६.७४ टक्के लागला आणि विभागीय मंडळ स्थापन झाल्यापासून चालत आलेला पहिल्या क्रमांकाचा मान याही वर्षी रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडेच राहिला, याचा आनंद आपण फलक लावून, पेढे वाटून आणि देवळांच्या सभामंडपांत गुणगौरव समारंभ करून यथास्थित साजरा केला. त्यानंतर त्याच मुलांचे काय झाले, याची चौकशी मात्र कोणी केली नाही. आमच्या समितीने ती केली, आणि जे आढळले त्याने संतप्त होऊनच हे आवाहन आम्ही प्रसिद्ध करीत आहोत.

गेल्याच पंधरवड्यात आपल्या किनाऱ्यावरील एका रापणकराच्या मुलीचा राखीव जागेवरील हक्क गेला. गुण उत्तम, सीईटीचे पर्सेंटाइल उत्तम. परंतु जात पडताळणीचे प्रमाणपत्र मुदतीत हाती न आल्यामुळे तिचा अर्ज खुल्या प्रवर्गात गणला गेला. मुलीने दोन दिवस अन्नाला स्पर्श केला नाही. आणि आपण शेजारीपाजाऱ्यांनी काय केले? ‘एवढे टक्के असून कसे ग नाही मिळाले?’ असे तिलाच विचारले. सतरा-अठरा वर्षांच्या पोरीने पणजोबांच्या जातीचा पुरावा कोठून पैदा करावा? इतर मागासवर्गीयांस १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा, विमुक्त व भटक्यांस २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा पुरावा लागतो. तो पुरावा म्हणजे आजोबांच्या शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा किंवा गाव नमुना चौदामधील जन्म-मृत्यूची नोंद. कोठे आडनाव निराळे, कोठे आडनावाच्या जागी नुसते गावाचे नाव, कोठे दप्तरच मोडीत आणि ते वाचणारा गावात एकही नाही. हे काम वडीलधाऱ्यांचे आहे, भावकीचे आहे, आणि आपण ते परीक्षेच्या ऐन वर्षी पोरांच्या माथी मारले आहे.

त्या माथ्यावर आधीच काय कमी आहे? सीईटीच्या २७ एप्रिलच्या सकाळच्या सत्रात गणिताच्या २१ प्रश्नांचे पर्याय चुकीचे निघाले, म्हणून २७,८३७ विद्यार्थ्यांना फेरपरीक्षेस बसावे लागले आणि ती नेमकी बारावीच्या निकालाच्याच दिवशी, ५ मे रोजी झाली. चूक प्रश्नपत्रिकेची, शिक्षा मुलांना! २०२४ पासून बीबीए, बीसीएसारख्या अभ्यासक्रमांनाही सीईटी लागू झाली, हे कित्येक घरांत प्रवेशाच्या तोंडावर कळले. २०२५ च्या अभियांत्रिकी प्रवेशाच्या चार फेऱ्या. पहिल्या फेरीत पहिला पसंतिक्रम मिळाला तर तो घ्यावाच लागतो, दुसरीत पहिल्या तीनांपैकी, तिसरीत पहिल्या सहांपैकी. म्हणजे पसंतिक्रमाची यादी हाच खरा निर्णय. आणि ती यादी सायबर कॅफेच्या बाकावर, मागे रांग ताटकळत असता, दुसऱ्याच्या सल्ल्याने भरली जाते. नोंदणीला मोबाइल क्रमांकही पुष्कळदा त्या दुकानदाराचाच असतो, आणि मग ओटीपी कोणाच्या हाती जातो, ते सांगावयास नको.

यांत आपल्या किनाऱ्याची विपत्ती निराळीच. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद. किल्ल्याची होडी आणि पर्यटनाचा धंदा मे महिन्याच्या अखेरीस थंडावलेला. आंब्याचा हंगाम संपलेला. घरात पैसा नसतो, वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो, आणि नेमक्या याच आठवड्यांत शुल्क, दाखले व कागदपत्रांचा तगादा लागतो. पुण्या-मुंबईच्या सोयीने आखलेले हे वेळापत्रक आपल्या मुलांवर अन्याय करणारे आहे, हे आम्ही स्पष्टपणे नमूद करतो, आणि तसे निवेदन जिल्हाधिकारी कचेरीत देणार आहोत.

‘गुण असले की प्रवेश मिळतोच’, ‘मुंबईचा मामा बघून घेईल’, ‘आमच्या वेळी कोठे होते असले?’ असे म्हणणाऱ्यांनी त्या रापणकराच्या घरी एकदा जाऊन यावे. त्यांच्याशी वाद घालण्यास आम्हांस सवड नाही.

आता कामाचे. ज्या घरात अकरावीचे मूल आहे त्या घराने पडताळणीचा अर्ज याच वर्षी, महाविद्यालयामार्फत करावा. चतुर्थीला चाकरमानी गावी येतील, तेव्हा पोरांना ‘किती टक्के?’ विचारण्याऐवजी थोरल्यांनी एकत्र बसून वंशावळ लिहून काढावी. गिरणीत नोकरीला गेलेल्या आजोबांचे दाखले बहुधा मुंबईच्याच पेटीत पडलेले आहेत, ते आणावेत. नॉन-क्रिमीलेअरच्या दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपते, तेव्हा तारीख वाचूनच तो जोडावा. या दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्रासाठी मुद्रांक शासनाने माफ केला आहे. कोणी पाचशे रुपयांचा कागद मागितला तर देऊ नये, आम्हांस कळवावे. अर्जाची तारखेसह पोच घ्यावी. २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमान्वये विलंबाविरुद्ध अपील करता येते. आठ लाखांच्या आतील उत्पन्न असलेल्या इतर मागास, आर्थिक दुर्बल व मराठा समाजाच्या मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमाचे शिक्षण व परीक्षा शुल्क ८ जुलै २०२४ च्या शासननिर्णयाने माफ आहे, पण प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतूनच हवा. व्यवस्थापन कोट्याच्या दलालाकडे गेलात तर ती सवलत गेली. मालवणचे शासकीय तंत्रनिकेतन आणि ओरोसचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जिल्ह्यातच आहेत, तीही त्या-त्या प्रवेशाच्या यादीत धरावीत. मूल अबोल झाले, जेवेनासे झाले, तर ‘नाटके करतो’ म्हणू नका. १४४१६ या ‘टेलि-मानस’ क्रमांकावर विनामूल्य बोलता येते.

आमच्या समितीत निवृत्त मुख्याध्यापक आहेत, तहसील कचेरीत उभी हयात घालविलेले कारकून आहेत, मोडी वाचणारे एक वृद्ध गृहस्थ आहेत. एक पैसाही न घेता ही मंडळी बसतात, आणि याचा आम्हांस अभिमान आहे. इन्व्हर्टरची व संगणकाची सोय आम्ही केली आहे. उणीव आहे ती तुमच्या येण्याची.

नारळी पौर्णिमेनंतरच्या पहिल्या रविवारी, १० ऑगस्ट रोजी सकाळी दहा वाजता, गावच्या प्राथमिक शाळेत पहिली बैठक होईल. अकरावी-बारावीच्या प्रत्येक मुलामागे घरातील एका कर्त्या माणसाने यावे. येताना आजोबांच्या शाळेचे नाव, असेल तो जुना दाखला आणि आधार कार्ड बरोबर आणावे. ज्यांच्या घरी कर्ता माणूस नाही किंवा तो बोटीवर आहे, त्यांच्या मुलांना वाडीतील शेजाऱ्यांनी आपल्याबरोबर घेऊन यावे.