गहाळ पार्सल आणि आपली ‘जाऊ द्या’ वृत्ती

परदेशी असलेल्या लेकीला, नातवंडांना धाडलेले पार्सल वाटेत गहाळ झाले, की आपल्या घरांतून एकच उद्गार ऐकू येतो : ‘जाऊ द्या.’ या उद्गारात समजूतदारपणा आहे, असे आपण मानतो. माझे म्हणणे असे, की त्यात समजूतदारपणा थोडा आणि स्वतःच्या हक्काविषयीची उदासीनता फार आहे. पार्सल हरवणे हा दैवाचा फेरा नव्हे. शुल्क घेऊन, पावती देऊन पत्करलेल्या कामात झालेली ती कसूर आहे, आणि तिचा जाब विचारण्याचा अधिकार पाठवणाराला आहे.

पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्राबाहेर स्थायिक झालेल्या घराण्यांना टपालाचे मोल सांगायला नको. एके काळी इंदुरात होळकर दरबाराची स्वतःची तिकिटे होती, ग्वाल्हेरीत ब्रिटिश हिंदुस्थानच्या तिकिटांवर देवनागरीत संस्थानाचे नाव छापलेले असे, हैदराबादेत निजामाचे टपाल होते आणि गोव्यात पोर्तुगीजांचे. या सगळ्या सरहद्दी ओलांडून देशावरच्या आणि कोकणातल्या भावकीशी आपले संबंध टिकले, ते पत्रांच्या आधारे. आता तीच घराणी दुसऱ्यांदा विखुरली आहेत. पणजोबा साताऱ्याहून इंदुरास आले. पणतू न्यू जर्सीत आहे, पणती मेलबर्नला. दूरध्वनीच्या पडद्यावर हल्ली चेहरा दिसतो, हे खरे. पण आजीच्या जुन्या लुगड्याची गोधडी नुसती दिसून भागत नाही; ती अंगावर पडावी लागते.

आमच्याच घरातून धाडलेला बाळंतविडा असा वाटेत नाहीसा झाला. त्यात झबली, टोपडी, कुंची, दुपटी आणि हाताने शिवलेली एक गोधडी होती. चौकशीस गेलो, तर खिडकीतून उत्तर आले, ‘‘बाहर चला गया, अब हम क्या करें?’’ त्या कर्मचाऱ्यावर माझा राग नाही. तो जे बोलला ते उद्धटपणाने बोलला नाही. आपल्या देशाच्या कायद्याचा आशयच त्याने चार शब्दांत सांगितला.

हे विधान अतिशयोक्तीचे वाटेल, म्हणून कायदाच पाहू. १८९८ च्या भारतीय टपाल कायद्याच्या कलम ६ अन्वये, सरकारने स्पष्ट शब्दांत पत्करलेली जबाबदारी सोडली, तर वस्तू हरवणे, चुकीच्या जागी जाणे, उशीर होणे किंवा मोडणे यांबद्दल सरकार उत्तरदायी नव्हते. परकीय राजवटीने स्वतःला दिलेले हे अभय स्वतंत्र भारताने पंचाहत्तरहून अधिक वर्षे जपले. पुढे २०२३ साली नवा टपाल कायदा संमत झाला आणि १८ जून २०२४ पासून तो अमलात आला. वसाहतकालीन कायदा गेला म्हणून समाधान मानावे, तर नव्या कायद्याच्या कलम १० मध्ये तेच अभय पुन्हा उभे आहे. नियमांनी ठरवून दिली असेल तेवढीच जबाबदारी; एरवी नाही. शिवाय अन्य कोणत्याही कायद्यात काहीही असले तरी, असे शब्द त्याला जोडलेले आहेत. ग्राहक संरक्षण कायद्याच्या आधारे दाद मागू पाहणाराची वाट त्यामुळे अधिकच अरुंद झाली आहे.

जुन्या कायद्यात निदान दोन गोष्टी होत्या. टपालातील वस्तूची चोरी, अपहार किंवा नाश करणाऱ्या कर्मचाऱ्यास सात वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद होती. नव्या कायद्यात ती नाही; चोरीचा साधारण फौजदारी कायदा काय तो उरला. दुसरी गोष्ट म्हणजे पत्रे वाहून नेण्याचा सरकारचा एकाधिकार. ‘आम्ही सर्वांचे टपाल अल्प दरात नेतो, म्हणून आम्हांस कोर्टात खेचू नका,’ हे समर्थन त्या एकाधिकाराशी जोडता येत असे. नव्या कायद्याने एकाधिकार काढून टाकला. खाते आता बाजारातल्या इतरांसारखे एक झाले. मग अभयाचे कवच तेवढे कशासाठी राखले? व्यवसाय करायचा तर व्यवसायाची जोखीमही पत्करली पाहिजे.

पार्सल विमानातून जाते, तेव्हा विमान कंपनीला धरावे, असे कोणी सुचवील. तेही दार बंद आहे. आंतरराष्ट्रीय हवाई वाहतुकीसंबंधीचा १९९९ चा माँट्रियल करार भारताने २००९ साली स्वीकारला. त्यानुसार प्रवाशाची बॅग हरवली तर कंपनी प्रवाशाला जबाबदार असते. टपालाच्या नगाबाबत मात्र ती केवळ टपाल खात्याला जबाबदार असते. म्हणजे कंपनी खात्याला उत्तर देईल, आणि खाते तुम्हांला कायद्याचे कलम दाखवील.

या अंधारात एक खिडकी उघडी आहे, आणि आपण तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. १८७४ साली बर्न येथे स्थापन झालेल्या जागतिक टपाल संघाचा भारत १८७६ पासून सभासद आहे. या संघाच्या नियमांप्रमाणे परदेशी पार्सल हरवल्यास पाठवणारा चौकशीची मागणी करू शकतो आणि ठरीव मर्यादेत भरपाईही मागू शकतो. मुदत सहा महिन्यांची असते. येथे ‘पाठवणारा’ हा शब्द महत्त्वाचा आहे. मुलगा तिकडच्या कार्यालयात गेला, तर बहुधा त्याला सांगतात, की ज्याने पाठवले त्याने आपल्या देशात विचारावे. म्हणजे हा हक्क संगणक सराईतपणे हाताळणाऱ्या मुलाचा नव्हे. इंदूर, बडोदे, बेळगाव येथे पावती सांभाळून बसलेल्या आई-वडिलांचा आहे. आणि नेमके तेच ‘जाऊ द्या’ म्हणून मोकळे होतात. मुलगा ‘तुम्ही त्रास घेऊ नका’ म्हणतो, आई ‘त्याला कशाला सांगा’ म्हणते, आणि दोघांच्या या भिडेत सहा महिने निघून जातात.

भरपाईची मर्यादा ठरते ती काही अंशी नगाच्या वजनावर. गोधडीचे मोल किलोवर ठरत नाही, हे उघड आहे. पण म्हणून अर्ज न करणे हा उपाय नव्हे. अर्ज झाला, की खात्याला परदेशातील खात्यास विचारावे लागते, नोंद होते, उत्तर लिहावे लागते. जी तक्रार केलीच नाही, ती खात्याच्या लेखी घडलेलीच नसते.

‘कुरिअरने पाठवा,’ असा सल्ला हमखास मिळतो. ज्यांना परवडते त्यांनी जरूर पाठवावे. पण त्या पावतीच्या पाठीमागची बारीक अक्षरे एकदा भिंग घेऊन वाचावीत. तेथेही जबाबदारीला मर्यादा घातलेली आढळेल. ‘तिकडे सगळे मिळते,’ असाही एक युक्तिवाद आहे. मिळते, यात शंका नाही. मात्र बाळंतविडा दुकानात मिळतो म्हणून आजीने शिवू नये, हा न्याय मला मान्य नाही.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. न पोहोचलेले प्रत्येक पार्सल चोरीस जात नाही. काही परदेशी सीमाशुल्क वा जैवसुरक्षा अधिकारी अडवतात आणि नष्ट करतात. ऑस्ट्रेलियात पेढे-बर्फीसारख्या दुधाच्या मिठायांवर कडक निर्बंध आहेत. खसखशीवर संयुक्त अरब अमिरातीत आणि सिंगापुरात बंदी आहे. म्हणजे आपले निरुपद्रवी अनारसे दुबईच्या लेकीला अडचणीत टाकू शकतात! घोषणापत्रावर ‘खाद्यपदार्थ’ एवढे मोघम लिहिले, तर नग अडण्याची शक्यता आणखी वाढते. पण हे सांगणार कोण? देशोदेशीची निषिद्ध पदार्थांची यादी, मराठी नाही तर निदान हिंदीत, कन्नडमध्ये, गुजरातीत खिडकीपाशी लावणे खात्याला अशक्य आहे काय?

धोरणांच्या धक्क्याचेही तेच. अमेरिकेने जकातीचे नियम बदलले, तेव्हा २५ ऑगस्ट २०२५ पासून तिकडच्या बहुतेक टपालाचा स्वीकार आपल्या खात्याने थांबवला. पत्रे आणि १०० डॉलरपर्यंतच्या भेटवस्तू आरंभी वगळल्या होत्या. महिनाअखेरीस त्याही थांबल्या. सेवा पुन्हा सुरू झाली १५ ऑक्टोबरला, दिवाळी अगदी तोंडावर आली असताना. दोष परक्या सरकारचा असेल. परंतु त्या दिवसांत आधीच वाटेत असलेल्या पार्सलांचे काय होणार, हे पाठवणाराला आपणहोऊन कळवणे हे खात्याचेच कर्तव्य होते.

तेव्हा मागण्या तीन आहेत. कलम १० खालच्या नियमांत परदेशी पार्सलांच्या भरपाईची रक्कम आणि ती देण्याची मुदत स्पष्ट असावी, आणि ती पावतीवर छापावी. चौकशीचा अर्ज कोणत्याही मुख्य टपाल कार्यालयात, स्थानिक भाषेत स्वीकारला जावा. आणि वस्तू जप्त झाली की हरवली, हे लेखी कळवले जावे. यांतील एकही मागणी अवास्तव नाही.

या मागण्या एकट्यादुकट्याने केल्या तर टोपलीत जातील. आपल्या शहरोशहरीच्या मंडळांनी शाळांसाठी, वाचनालयांसाठी, भाषेच्या हक्कासाठी वर्षानुवर्षे निवेदने दिली आहेत. अर्ज कसा लिहावा हे आपल्याला कोणी शिकवायला नको. प्रत्येक मंडळाने सभासदांच्या गहाळ पार्सलांची नोंदवही ठेवावी, मुदतीच्या आत चौकशीचे अर्ज भरून द्यावेत आणि वर्षाअखेर त्या नोंदींसह एक संयुक्त निवेदन टपाल खात्याकडे व आपापल्या खासदाराकडे धाडावे. ते अर्थातच पोचपावती घेऊन धाडावे.