वाडीवर सॅटेलाइट फोन का नाही?

उंब्रजला तारळी-कृष्णेच्या संगमावर उभं राहून आम्ही दिल्लीला व्हिडिओ कॉल करू शकतो. इथूनच मल्हारपेठवरून पाटणच्या डोंगरात शिरा. भर पावसात तिथे खिशातला मोबाईल फक्त घड्याळ म्हणून उरतो. टॉवरला वीज लागते, केबल रस्त्याच्या कडेने जाते. दरड आली की वीज, रस्ता आणि केबल एकदमच जातात. म्हणजे ज्या घटकेला बोलायची गरज, त्याच घटकेला वाडी मुकी!

22 जुलै 2021 च्या रात्री आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे हेच झालं. त्याच दिवशी महाड तालुक्यात तळिये गाडलं गेलं. ज्या महाडात 1927 साली बाबासाहेबांना पाण्याच्या हक्कासाठी उभं राहावं लागलं, तिथली माणसं आज 'आम्ही गाडले जातोय' एवढं कळवायलाही परकी आहेत. त्याआधी 30 जुलै 2014 ला माळीण गेलं. गाव जागेवर दिसेना, म्हणून एका एसटी चालकाने खबर दिली तेव्हा जगाला कळलं. आणि शेजारच्या जुन्नर तालुक्यात, आर्वीला, 1970 च्या दशकातच उपग्रह केंद्र उभं राहिलेलं! साहेबलोकांचं परदेशाशी बोलणं तेव्हाच झालं. वाडीचं तालुक्याशी अजून व्हायचंय.

तंत्रज्ञान नाही, असं कुणी सांगू नये. खोल समुद्रातल्या मच्छिमारांसाठी इस्रोने यंत्र बनवलं आहे. बटण दाबलं की बोटीचं ठिकाण उपग्रहामार्फत तटरक्षक दलाला कळतं. बोटीला जमतं ते डोंगरातल्या पाड्याला का जमू नये? बीएसएनएल सॅटेलाइट फोन देते, पण परवाना लागतो. देशाच्या सुरक्षेचा प्रश्न आहे म्हणे. असू द्या परवाना. यंत्र ग्रामपंचायतीच्या नावावर घ्या, वहीत नोंद ठेवा. पण ते तहसीलच्या कपाटात कुलूपबंद ठेवून आपत्ती व्यवस्थापन झालं, असं आम्हाला सांगू नका.

आता खरा मुद्दा. फोन ठेवायचा कुणाच्या घरी? सरपंचाच्या वाड्यावर ठेवला, तर बौद्धवस्ती, कातकरी पाडा, धनगरवाडा यांची नावं मदतीच्या यादीत शेवटी येणार, किंवा येणारच नाहीत. ज्याच्या नावावर सातबारा नाही, त्याचं काय वाहून गेलं हे कोण सांगणार? आपत्ती व्यवस्थापन कायदा 2005 चं कलम 61 म्हणतं, मदत आणि भरपाई देताना जात, लिंग, धर्म यावरून भेदभाव चालणार नाही. कलम छान आहे. पण तक्रार करायला आवाज तर पोचला पाहिजे!

म्हणून दरडीच्या धोक्यातल्या प्रत्येक वस्तीच्या शाळेत एक संच हवा, सोबत सौर पॅनल हवं. वस्तीतलीच दोन माणसं शिकवून तयार करा, त्यात एक बाई असू द्या. हा फोन छपराखाली लागत नाही, त्याला उघडं आकाश लागतं. एवढी साधी गोष्टही ऐन रात्री कुणाला सुचणार नाही. जून ते सप्टेंबर दर महिन्याला एकदा लावून बघायलाच हवा.

आणि घरदार गमावलेली माणसं शाळेत, समाजमंदिरात आणून ठेवता, तिथेही हाच फोन हवा. नुसत्या अधिकाऱ्यांसाठी नको. पाटण खोऱ्यातली किती पोरं मुंबईत माथाडी म्हणून पाठीवर गोणी वाहतात. आई जिवंत आहे की नाही, हे त्यांनी टीव्हीच्या पट्टीवर का शोधायचं?