मोरे गावची साखरगोळी



आमच्या शाळेत सातवीच्या एकाच वर्गात तीन मोरे आहेत. त्यामुळे पॅरिसला राहणारी माझी धाकटी जाऊ फोनवर म्हणाली, "ताई, तुम्ही आलात की आपण एक दिवस मोरेला जाऊ," तेव्हा मला वाटलं, कुणा मोऱ्यांकडे जेवायला बोलावणं आहे! मोरे हे गावाचं नाव निघालं. पूर्ण नाव मोरे-स्युर-ल्वँ, म्हणजे ल्वँ नदीकाठचं मोरे. २०१६ पासून शेजारची गावं जोडून सरकारी कागदावर नाव आणखी लांबलं आहे, पण ते सोडून द्या.

पॅरिसच्या गार द लियाँ स्टेशनावरून लोकल गाडी पकडली की पाऊण-एक तासात मोरे येतं. मधे फोंतेनब्लोचं मोठं जंगल लागतं. गाव एवढंसं. एका वेशीतून आत शिरलात की गप्पा मारत मारत दहा मिनिटांत दुसऱ्या वेशीतून बाहेर नदीच्या पुलावर! या दोन्ही वेशी अजून धडधाकट उभ्या आहेत, एक पॅरिसच्या बाजूची आणि एक बर्गंडीच्या बाजूची. आज इतकं निवांत दिसणारं हे गाव बाराव्या शतकात फ्रान्सच्या राजाच्या मुलखाची सरहद्द होतं. म्हणून तट, म्हणून वेशी, म्हणून तो जाडजूड बुरूज. मुख्य रस्त्यावरच्या एका घरात १८१५ च्या मार्चमध्ये नेपोलियन मुक्कामाला होता. एल्बा बेटावरून निसटून तो पॅरिसकडे निघाला होता, त्या धावपळीतली ती रात्र.

इथल्या एका घराची तर मला गंमतच वाटली. नगरपालिकेच्या अंगणात सोळाव्या शतकातली नक्षीदार दगडी दर्शनी भिंत आहे. १८२० च्या दशकात ती एक एक दगड सुटा करून पॅरिसला नेली, सेन नदीकाठी पुन्हा उभी केली आणि १९५० च्या दशकात तशीच परत आणली. माहेरी परत आलेली भिंत! आपल्याकडे एक फ्लॅट बदलताना काचेची कपाटं फुटतात.

पण माझं सगळं लक्ष होतं गोळ्यांकडे. जाऊबाईंनी मला आणलं होतं तेच मुळी त्यांच्या नावाखाली. १६३८ पासून मोरेच्या मठातल्या नन्स सातूच्या गोळ्या करत आल्या. सातू म्हणजे आपली बार्ली. आजारी माणसाला तिचं पाणी आपणही देतो की. ती उकळून, गाळून, त्या पाण्यात साखरेचा पाक करायचा. आपला गोळीबंद पाक झाला तरी थांबायचं नाही. थेंब गार पाण्यात टाकला की कडकन मोडला पाहिजे, तोवर न्यायचा. आणि तेवढ्यात तो साखरता कामा नये, जळताही कामा नये. (आपण लिंबाचे दोन थेंब टाकतो ते याचसाठी.) नीट जमला तर मधाच्या रंगाची, काचेसारखी आरपार गोळी होते. घशाला आराम म्हणून तिची ख्याती राजदरबारापर्यंत पोचली होती.

मग राज्यक्रांती आली. मठ बंद झाले, नन्स पांगल्या, गोळीही संपली. सांगतात ते असं, की फेलिसिते नावाच्या एका ननला कृती ठाऊक होती. ती पुढे मोरेला परतली आणि मरण्याआधी तिने ती दुसऱ्या बाईला शिकवून ठेवली. पुढे पुन्हा नन्सच गोळ्या करू लागल्या आणि १९७० च्या दशकात गावातलं त्यांचं काम थांबलं तेव्हा कृती एका मिठाईवाल्याला देऊन गेल्या. माझ्या सासूबाईंचं मेतकूट त्यांच्याबरोबरच गेलं. डाळींचं प्रमाण विचारायला आम्ही दोघी जावांनी "पुढच्या वेळी" म्हणत बारा वर्षं घालवली. दुकानात उभ्या उभ्या आम्हा दोघींना एकदमच ते आठवलं. कुणीच काही बोललं नाही.

त्याच मठात सतराव्या शतकाच्या अखेरीस एक सावळी नन होती, लुईझ मारी तेरेझ. १६९५ मध्ये चौदाव्या लुई राजाने तिला वर्षाला ३०० लिव्र तनखा लावून दिला. दरबारातली मोठमोठी माणसं तिला भेटायला येत. एवढ्या आडगावी, एका साध्या ननसाठी? त्या वेळी कुजबुज होती की ती राणीचीच मुलगी. काही इतिहासकार म्हणतात, राजाराणीने धर्ममाता-धर्मपिता होऊन सांभाळलेली कुणी पोरकी असावी. सें-सिमों या दरबारी गृहस्थाने आठवणींत लिहून ठेवलंय, की जंगलातून युवराजाच्या शिकारीचा आवाज आला, तेव्हा ती सहज म्हणाली, माझा भाऊ शिकार करतोय. तिचं चित्र पॅरिसच्या एका जुन्या ग्रंथालयात आहे. खरं काय, ते तिच्याबरोबर गेलं.

आता ज्याच्यामुळे जग या गावाला ओळखतं तो चित्रकार, आल्फ्रेद सिस्ले. जन्म पॅरिसचा, पण आईवडील इंग्रज. वडिलांचा धंदा १८७० च्या युद्धात बुडाला आणि हा ब्रशवर पोट भरू लागला. १८८० पासून तो याच टापूत राहिला, शेवटची दहा वर्षं मोरेत चर्चजवळच्या घरात. पूल, नदी, पाणचक्क्या त्याने पुन्हा पुन्हा काढल्या. एकट्या चर्चचीच डझनभर चित्रं आहेत, सकाळचं वेगळं, पावसातलं वेगळं. पैसा मात्र मिळाला नाही. पोर-मार्ली गावातल्या १८७६ च्या पुराचं त्याचं एक चित्र तेव्हा १८० फ्रँकला गेलं होतं. तो गेल्यावर एका वर्षात, १९०० साली, तेच ४३,००० फ्रँकला विकलं गेलं!

पण मला सांगायचंय ते त्याच्या बायकोचं. युजेनी लेस्कुएझेक १८६६ पासून त्याच्याबरोबर राहत होती. मुलं झाली. एक लहानपणीच गेलं, मुलगा आणि मुलगी जगली. उधारीवर घर तिने चालवलं. आणि लग्न? ते झालं १८९७ च्या ऑगस्टमध्ये, वेल्समधल्या कार्डिफच्या नोंदणी कचेरीत. एकतीस वर्षांनी! इंग्रज नवरा, फ्रेंच बायको, मुलांचा हक्क कागदावर यावा म्हणून समुद्र ओलांडून जावं लागलं. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १८९८ मध्ये, युजेनी कॅन्सरने गेली. तोही तेव्हा घशाच्या कॅन्सरने आजारी होता, तरी तिची सेवा त्याने केली. २९ जानेवारी १८९९ ला तो गेला. आयुष्य फ्रान्समध्ये काढूनही नागरिकत्व त्याला मिळालं नव्हतं. शेवटी त्याने मित्र मोनेला बोलावून मुलांकडे बघ म्हणून सांगितलं आणि मोनेने खरंच चित्रांचा लिलाव करून मुलांसाठी पैसे उभे केले.

नदीकाठच्या बाकावर बसून जाऊबाईंनी मला हे सगळं सांगितलं. पुलाखालून पाणी खळखळत होतं, समोर बदकं. गोळीचा डबा आमच्या दोघींच्या मधे.

"तेवढ्यासाठी मुद्दाम कार्डिफला गेले?" मी विचारलं.

"कागद लागतोच ना, ताई." मग जरा थांबून ती म्हणाली, "तुमच्या फ्लॅटवर तुमचं नाव आहे?"

नाही. हे काय विचारणं झालं, असंच आधी वाटलं. आमच्या घरात कधी असा विषयच निघाला नाही. माझ्या शिकवण्यांचे पैसे हप्त्यात गेलेत, तेही सगळ्यांना माहीत आहे. माहीत आहे, पण लिहिलेलं नाही.

डबा घेऊन मी घरी आले. गोळ्या मुलांनी दोन दिवसांत फस्त केल्या. यांना मोरेच्या वेशी, नेपोलियन, चित्रं सगळं सांगितलं, युजेनीचंही सांगितलं. मग सोसायटीच्या फाईलचं विचारलं. "काढू की रविवारी," म्हणाले. दोन रविवार होऊन गेले. परवा मीच स्टूल घेऊन माळ्यावरून फाईल खाली काढली, धूळ झटकली आणि यांच्या चहाच्या कपाशेजारी ठेवली.