शनिवारचा पाठ आणि मराठी कीर्तन

तोरा, म्हणजे मोशेची पाच पुस्तके, यहुदी परंपरेत ५४ भागांत विभागलेली असून, 'पराशा' म्हणून ओळखला जाणारा ठरलेला भाग दर शब्बाथला, म्हणजे शनिवारी, सिनेगॉगमध्ये मोठ्याने वाचला जातो, आणि वर्षाअखेरीस शेवटचा अध्याय संपताच उत्पत्तीच्या पुस्तकापासून पुन्हा प्रारंभ होतो. चर्मपत्रावर हाताने लिहिलेल्या या गुंडाळीत स्वरचिन्हे नसल्याने वाचकाला उच्चार आणि चाल आधीच पाठ करावी लागते, आणि अक्षरांना बोट लागू नये म्हणून तो चांदीच्या निमुळत्या दांडीने ओळ धरतो.

मुंबईत १७९६ साली आपले पहिले सिनेगॉग उभारणाऱ्या मराठीभाषक बेने इस्राएल समाजाने हा पाठ हिब्रूतच राखला. मात्र १८८०च्या सुमारास अब्राहाम, योसेफ यांची आख्याने मराठी कीर्तनातून सांगण्यास आरंभ केला, आणि हे त्या समाजाचे मराठी संस्कृतीला मोठे देणे मानले पाहिजे. १८३१ पासून अमेरिकन मराठी मिशनचे केंद्र असलेल्या अहमदनगरात ख्रिस्ती समाजानेही कीर्तन आपलेसे केले होते, त्यामुळे योसेफाची कथा टाळ-मृदंगाच्या साथीने ऐकणे नगर जिल्ह्याला नवखे नव्हते.