किल्ली कुणाकडे?

ऑफिसातल्या कॉम्प्युटरवरचा 'शेअर्ड फोल्डर' आणि स्त्रियांचा प्रश्न यांचा काय संबंध, असे कुणी विचारील. संबंध आहे, आणि तो सत्तेचा आहे.

भँवरीदेवीवरील अत्याचारानंतर उभ्या राहिलेल्या लढ्यातून १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाचा विशाखा निकाल आला. त्यातून पुढे २०१३ चा कायदा झाला. अंतर्गत समितीत निम्म्या तरी स्त्रिया हव्यात, एक सदस्य बाहेरची हवी, हे त्याने सांगितले. कलम १६ ने तक्रारदार बाईची, आरोप असलेल्याची, साक्षीदारांची ओळख आणि चौकशीतला मजकूर उघड करायला मनाई केली. पण हे कागद ठेवायचे कुठे, याची तपशीलवार व्यवस्था कायद्यात नाही. ती आपल्यालाच बघावी लागते.

हिंजवडीच्या आयटी पार्कमधल्या एका कंपनीच्या समितीवर मी बाहेरची सदस्य आहे. तिथे फायलींचे कपाट नाही. जबाब, ईमेलच्या प्रती, अहवाल, सारे नेटवर्कला जोडलेल्या एका साठवण-पेटीत असते. तिला 'नॅस' म्हणतात. समितीचा फोल्डर मनुष्यबळ विभागाच्या फोल्डरच्या पोटात होता. सहसा बाहेरच्या फोल्डरला जी परवानगी, तीच आतल्याला आपोआप लागू होते. त्यामुळे त्या विभागातले कुणीही तक्रार उघडून वाचू शकत होते. यात कुणाचा दुष्ट हेतू नव्हता. पण हे ठाऊक असते तर ती बाई तक्रार घेऊन आली असती का?

म्हणून समितीवर बसणाऱ्या मैत्रिणींनी पहिल्याच बैठकीत काही गोष्टी मागाव्यात. समितीचा फोल्डर स्वतंत्र हवा, दुसऱ्या कशाच्याही आत नको. परवानगी फक्त सदस्यांना, आणि प्रत्येकीला आपले वेगळे खाते. सगळ्यांचा मिळून एकच पासवर्ड नको. फोल्डरच्या किंवा फाईलच्या नावात बाईचे नाव नको, कारण नुसत्या नावावरूनही कुजबूज सुरू होते. कुणी कधी काय उघडले याची नोंद चालू हवी. सदस्य बदलली की तिची परवानगी त्याच दिवशी काढावी. बॅकअपच्या प्रती आणि पुसलेल्या फायलींची 'कचरापेटी' कोण बघू शकते, हेही विचारावे.

सर्वांत अवघड प्रश्न ॲडमिनचा. पेटी सांभाळणारा माणूस स्वतःला हवी ती परवानगी देऊ शकतो. म्हणून फोल्डर कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्ट केलेला असावा आणि त्याची किल्ली अध्यक्ष बाईंकडे असावी. तरीही तो उघडा असताना ॲडमिनला आत जाता येते. तेव्हा नोंदी समितीने स्वतः तपासाव्यात. 'हे तांत्रिक आहे, तुम्हाला कळणार नाही,' असे उत्तर मिळेल. ते ऐकून गप्प बसायचे नाही. कायद्याची भाषासुद्धा आपल्याला जन्मतः येत नव्हती; आपण ती शिकलो.

आणि हाच प्रश्न आपल्या संघटनांनाही विचारायला हवा. पूर्वी केसच्या फायली लोखंडी कपाटात असत आणि किल्ली एकीच्या पर्सला. आज त्याच केसेस ऑफिसच्या कॉम्प्युटरवर आहेत. पासवर्ड भिंतीवर चिकटवलेला असतो, आणि दोन महिन्यांसाठी आलेली विद्यार्थिनीही सारे वाचू शकते. बाई आपल्याकडे नवऱ्यापासून लपून येते. तिने सांगितलेले आपण कुणाच्या हाती ठेवतो, यावर तिचा जीवही अवलंबून असू शकतो.